यॉर्कच्या ब्रासरीत जेवायला जातोय, मासे खाणाऱ्यांनी काय मागवावं?

रत्नागिरीची_आई
नमस्कार. मुलगा इंग्लंडात यॉर्कला असतो. मे अखेरीस आम्ही दोघं पहिल्यांदाच त्याच्याकडे जातोय. तेव्हा आमच्या लग्नाला 35 वर्षं होतील, म्हणून त्याने जुन्या शहरात, मिन्स्टर या भव्य चर्चजवळच्या एका मोठ्या ब्रासरीत, म्हणजे फ्रेंच धर्तीच्या रेस्टॉरंटमध्ये, टेबल बुक केलंय. मेनू पाठवलाय, त्यातले निम्मे शब्द फ्रेंच. यांना मासे लागतात, गोमांस अजिबात चालत नाही. तिथे हे अवघडून बसले तर मलाही घास जायचा नाही. मुलाने पैसे साठवून ठरवलंय, त्याचा हिरमोड होऊ नये. कुणी जाऊन आलंय का?

हर्णैकर
वहिनी, दोन वर्षांपूर्वी लेकीकडे गेलो होतो तेव्हा यॉर्कमध्येच अशा ठिकाणी जेवलो. माझी खानावळ आहे, बंदरावरच्या लिलावातून रोज मासळी उचलतो. त्यामुळे माझं सगळं लक्ष माशाकडेच.

मेनूत डोव्हर सोल असेल तर तोच घ्या. आपल्या लेपासारखाच चपटा, पण चांगला थोराड. पुढे 'मुनिएर' लिहिलेलं असतं, म्हणजे मैद्यात घोळवून लोण्यात परतलेला. आपण तांदळाच्या पिठात घोळवतो तसंच. ते लोणी तांबूस होईपर्यंत तापवतात. ताट समोर आलं आणि आई तूप कढवायची तेव्हाचा वास आला! तळाशी बेरी धरते ना, तोच. वर लिंबू आणि पार्स्ली, बस. हळद-तिखटाशिवाय मासा फिका लागेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही, माशाची स्वतःची गोडी कळली.

वेटरने अख्खा मासा आधी दाखवला. मग शेजारच्या छोट्या टेबलावर चमचा नि फोर्क घेऊन कडेचे बारीक काटे ओढले, मधोमध रेघ मारली, वरचे दोन तुकडे दोन्हीकडे सरकवले आणि मधला काटा शेपटीकडून उचलला. कंगव्यासारखा अख्खा निघाला, मांसाचा कण चिकटला नव्हता. खाली आणखी दोन तुकडे. मी विचारलं तर थांबून नीट सांगितलंन. यजमानांना आवडेल, आणि काटे निवडण्याची धास्तीही राहणार नाही.

गोमांसाचं मात्र जपा. यॉर्कशरकडे पुष्कळ ठिकाणी चिप्स गाईच्या चरबीत तळतात, तिला ड्रिपिंग म्हणतात. यॉर्कशर पुडिंगलाही ती वापरतात. फ्रेंच अनियन सूप नावाला कांद्याचं, पण बहुतेकदा गोमांसाच्या रश्शावर केलेलं. तिथल्या कायद्याने ॲलर्जीचे 14 पदार्थ सांगावेच लागतात, पण त्या यादीत गोमांस नाही. म्हणून आपणच विचारायचं. मुलाला आधीच कळवून ठेवायला सांगा, आणि बसल्यावर वेटरला पुन्हा सांगा.

वेंगुर्ल्याची_सून
काकू, थोडं माझंही. मुख्य पदार्थाबरोबर भाजी, बटाटे बऱ्याचदा येत नाहीत, 'साइड्स'मधून वेगळे मागवावे लागतात. पाणी मागताना 'टॅप वॉटर' म्हणा, नाहीतर बाटली येते आणि बिलात लागते. बिलात साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज दिसला तर वर वेगळी टीप नको. ऑक्टोबर 2024 पासून ते पैसे कर्मचाऱ्यांनाच द्यावे लागतात, तेव्हा मनात शंका नको. साडी जरूर नेसा, पण जुन्या गल्ल्या दगडी आहेत, चपला सपाट घ्या. मे अखेरीस रात्री नऊलाही उजेड असतो, जेवून शहराच्या जुन्या तटबंदीवरून नाही तरी मिन्स्टरभोवती एक फेरी माराच.

मालवणी_गाबीत
लेक वांगडा आसा, मगे घाबरतास कित्याक? एकच सांगतो, 'ऑयस्टर' म्हणजे आपली कालवं, तिकडे बर्फावर कच्चीच देतात. प्रवासात पोट बिघडायला नको, ती टाळा. 'मसल्स' म्हणजे आपले शिनाणे, ते शिजवलेले असतात. रिकाम्या शिंपल्याचा चिमटा करून पुढच्या शिंपल्यातलं मांस ओढायचं, हात लावला तर कुणी बघत नाही.

रत्नागिरीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. चरबीचं माहीतच नव्हतं. मुलाला लगेच कळवलं, तो उद्या तिथे फोन करणार आहे. लेपाचं यांना मोठ्याने वाचून दाखवलं. पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "काटा अख्खा काढतो? मग पुढ्यात बसून बघायला हवं."