मुद्दाम, जाणूनबुजून, आवर्जून... नेमका कुठला कुठे?

एका आरोग्यविषयक माहितीपत्रकाचं मराठी तपासायला आलंय आणि त्यात चक्क लिहिलंय ‘रोज दहा मिनिटं जाणूनबुजून श्वास घ्या, जेवताना जाणूनबुजून खा’. वाचून हसू आलं कारण जाणूनबुजून खाल्लं म्हटलं की मला एकदम उंदराचं औषधच आठवतं. पण मग इथे काय लिहायचं यावर अडकलोय. मुद्दाम? हेतुपुरस्सर? शब्द ढीगभर आहेत पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही, असं का होतं?

—

कारण जाणूनबुजून हा आरोपाचा शब्द आहे हो. ‘तुझ्यासाठी जाणूनबुजून हापूस आणले’ असं कोणी म्हणेल का? म्हटलं तर समोरच्याला आंब्याची ॲलर्जी असणार! त्यातलं बुजून म्हणजे घोडं बुजतं ते बुजणं नाही, ते संस्कृत बुध् वरून प्राकृतात बुज्झ होऊन आलेलं, म्हणजे कळणं. हिंदीत बूझना आहे तेच, आणि आपल्याकडे रुसलेल्याची बुझावणी करतात तीही त्याच घरातली. थोडक्यात, जाणूनबुजून = कळत असून केलं, म्हणजे कळत नव्हतं ही पळवाट बंद.

मुद्दाम मात्र दोन्हीकडे चालतो, सगळा खेळ सुरावर. ‘मुद्दाम भेटायला आलो’ म्हटलं की माणूस खूश, ‘मुद्दाम केलंस ना?’ म्हटलं की भांडण. आवर्जून फक्त चांगल्या बाजूला. चोराने आवर्जून कपाट फोडलं असं लिहिलं तर तो विनोद होतो. आणि टाळायचं असेल तर आवर्जून जरा अडखळतं, तिथे कटाक्षाने हवं, ‘रात्री चहा कटाक्षाने टाळतो’.

तुमच्या पत्रकात हेतू नाहीच आहे, लक्ष आहे. श्वास तर आपण घेतच असतो, फक्त तिकडे ध्यान द्यायचंय. विपश्यनेवाले सजग म्हणतात, इगतपुरीला जाऊन आलेल्यांच्या तोंडी हमखास ऐकाल. पण मी तर सरळ ‘सावकाश, लक्ष देऊन खा’ लिहीन. जाणीवपूर्वक पण चालेल, फक्त त्याला भाषणाचा वास येतो.

—

कायद्यात हा फरक फार महागात पडतो म्हणून दोन ओळी. मुद्दाम म्हणताना आपण उद्देश आणि जाणीव एकात घुसळून टाकतो, कोर्टात ते वेगळे. जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३०४ बघा, सदोष मनुष्यवध. जीव घ्यायचा किंवा जीव जाईल अशी दुखापत करायचा उद्देश असेल तर जन्मठेपेपर्यंत जाऊ शकतं, पण उद्देश नव्हता, नुसतं ठाऊक होतं की याने मरण येऊ शकतं, तर जास्तीत जास्त दहा वर्षं. आता १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ते कलम १०५ झालंय, पण हे दोन कप्पे तसेच आहेत. धर्मशास्त्रातही कामतः (इच्छेने) आणि अकामतः (इच्छा नसताना) केलेल्या पापाला प्रायश्चित्त वेगवेगळं, म्हणजे ही भानगड आजची नाही. 

गंमत पेपरवाल्यांची. ऐपत असून कर्ज न फेडणारे जे ‘विलफुल डिफॉल्टर’, त्यांना काही जण ‘निर्ढावलेले कर्जबुडवे’ लिहितात. मला हे जाम आवडतं पण यात हेतू गेला आणि नुसता कोडगेपणा उरला. हेतुपुरस्सर जास्त बरोबर आहे, पण वाचताना मजा येत नाही हेही खरं.

—

तुम्ही सगळे एक शब्द विसरलात, आठवणीने! ‘आठवणीने फोन कर’, ‘माझ्यासाठी आठवणीने खरवस आणलास’. यात आधी बेत केलेला नसतो, मुद्दाममध्ये असते तशी वाकडी वाट करून येण्याची खटपटही नसते, फक्त मनात कुणीतरी होतं एवढंच. आवर्जूनपेक्षा मला हा जवळचा वाटतो कारण आवर्जून आता निमंत्रणपत्रिकांनी पार झिजवून टाकलाय, ‘आवर्जून उपस्थित राहावे’ वाचून कोण जातं?

आणि ठरवून पण घ्या की यादीत. ठरवून केलेलं लग्न म्हणजे दोन्ही घरं खूश, आणि मॅच ठरवून हरले म्हणजे थेट चौकशी, शब्द तोच.

—

आमची आजी यातलं काहीच वापरायची नाही, ती ‘बुद्ध्या केलंन्’ म्हणायची, आणि ते मुद्दामपेक्षा जास्त झोंबायचं कारण त्यात तुझं डोकं ठिकाणावर होतं असं आधीच ठरवून टाकलेलं. हल्ली हा ऐकूच येत नाही. कोकणाबाहेर कुणाच्या घरी अजून बोलतात का?

बाय द वे, मुद्दामहून आणि मुद्दामून दोन्ही ऐकतो, लिहिताना मात्र हून ठेवा, बोलताना कोण बघतंय.