आगमनकाळ आणि पहिली प्रीती

ताई, तुम्ही लिहिलंत की करंज्या, कंदील, येशूजन्माचा गोठा यांतच आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे साधारण चार आठवडे, निघून जातो आणि मन कोरडंच राहतं. त्यावर बऱ्याच जणांनी कामं कमी करा असं सुचवलंय. ते खरंच आहे, पण मला प्रकटीकरणाचा, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, दुसरा अध्याय आठवतो. इफिस शहरातली ख्रिस्ती मंडळी कष्टाळू होती, सोशिक होती, खोट्या प्रेषितांना ओळखणारी होती. तरी प्रभूची तक्रार एकच, पहिली प्रीती सुटली. उपायही तिथेच दिलाय: कुठून घसरलो ते आठव, पश्चात्ताप कर, पहिल्यासारखी कृत्यं कर. भावना दाटून येईपर्यंत थांब, असं तो म्हणत नाही! मला यातूनच फार धीर मिळतो.

आमच्याकडे संध्याकाळी आगमनकाळाच्या हिरव्या माळेवरची जांभळी मेणबत्ती पेटवून लूकच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) एक अध्याय मोठ्याने वाचतो. अध्याय २४ आहेत, १ डिसेंबरला सुरुवात केली की नाताळच्या आदल्या संध्याकाळी पुनरुत्थानापाशी पोचतो. मुलं मध्येच प्रश्न विचारतात, जखऱ्या मुका का झाला वगैरे, वाचन लांबतं, लांबू द्यावं.

आणि पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, शेवटच्या आठवड्यातल्या रांगेवर ढकलू नका. आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारच्या वाचनात बाप्तिस्मा करणारा योहान प्रभूची वाट तयार करायला सांगतो, त्याच आठवड्यात फादरांना गाठा. ज्या नातेवाइकाशी बोलणं बंद आहे त्याला फोनही तेव्हाच करा, फराळाचं ताट पाठवायची वाट पाहू नका.