ग्रीप (खाचा) शिल्लक आहे, पण टायर सात वर्षांचा. बदलायचा की चालवायचा?

घाटवाट (धागाकर्ता)
माझ्या मते बदलायचाच, विशेषतः पावसाळ्यात ताम्हिणी किंवा वरंधा उतरणार असाल तर. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. गाडी कमी फिरली तर खाचा खोल राहतात, पण रबरातली तेलं कमी होत जातात, ऑक्सिजन आणि ओझोन त्याला कडक करतात, बारीक चिरा पडतात. कडक रबर डांबराच्या खडबडीत अंगात रुतत नाही. मोटोजीपी बाईक शर्यतीतला कोरड्या ट्रॅकचा स्लिक टायर बघा, एकही खाच नसते आणि पकड जबरदस्त. पकड रबराची, खाचा पाणी बाहेर काढायला.

सातारकर१००सीसी
तारीख बघून चांगला टायर फेकायचा, हे मला मान्य नाही. खाचांच्या तळाशी टीडब्ल्यूआयची (टायर किती झिजला ते दाखवणारी) खूण असते, दुचाकीला ०.८ मिमी. तिथपर्यंत टायर चालतो. सावलीतली गाडी आणि वर्षभर उन्हात उभी असलेली गाडी, दोन्हींचं रबर एकाच वेगानं कसं म्हातारं होईल? आणि डिलिव्हरी करणाऱ्या पोराचा टायर वय व्हायच्या आत गोटा होतो. त्याला तारखेचा काय उपयोग?

घाटवाट
०.८ ही कायद्याची शेवटची पायरी आहे. खाच जितकी उथळ, तितकं पाणी कमी निघतं. जुलैत त्या खुणेपर्यंत ताणणं म्हणजे जिवाशी खेळ.

पाना_पक्कड
दोघंही खाचेवर भांडताय, आकाराचं कोणी बोलतच नाही. पुणे-कोल्हापूर हायवेला सरळ पळवून मागचा टायर मधोमध सपाट होतो. मग वळणात गाडी आधी आडते आणि सपाट भागाची कड ओलांडली की एकदम पडल्यासारखी झुकते. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, कोनसेट (हँडलच्या दांड्याचं बेअरिंग) बदला. कोनसेट ठणठणीत असतो! टायर बदलला की तीच गाडी सरळ वागते. खूण यायची वाट बघितली तर तोवर कितीतरी वळणं अशीच घ्यावी लागतात.

सातारकर१००सीसी
हे पटलं, पण हा झिजेचा मुद्दा झाला, वयाचा नाही. शिवाय नवीन टायरही पहिल्या दिवशी चिकटत नाही. वरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत शे-दीडशे किलोमीटर जपूनच चालवावी लागते. ऐन पावसात नवा टायर टाकून घाटात जाणं जास्त धोक्याचं.

घाटवाट
म्हणून मे महिन्यात बदला. आणि तुमच्या डिलिव्हरीवाल्या पोराकडेच परत येतो. तो मागचा टायर घासला की बदलतो. पुढचा हळू झिजतो, म्हणून वर्षानुवर्षं तोच राहतो. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे येतं, थांबवण्याचं बहुतेक काम तोच म्हातारा टायर करतो. मागचं चाक सरकलं तर गाडी सावरायला थोडी संधी असते, पुढचं सरकलं की जवळजवळ नाहीच.

सातारकर१००सीसी
पुढच्या टायरला चिरा दिसल्या तर खाचा कितीही असोत, मीही काढेन. पण चिरा बघून. नुसत्या चार आकड्यांवर नाही.