मदत हवी आहे: गाडी सहाला, गाडी रात्री

जालनेकर (शनिवार, रात्री ९:१०)
तीन दिवस ठाणे-नवी मुंबई फिरलो, उद्या शेवटचा दिवस. गाडी सहापर्यंत द्यायची आहे आणि गाडी रात्रीची आहे. हॉटेलवाला दहालाच खोली सोडा म्हणतोय. सोबत आई, बायको, सहा वर्षांची मुलगी आणि चार बॅगा. उद्याचं कसं जमवावं? माहीत असेल त्यांनीच सांगा, फाटे फोडू नका. सकाळी निघायचंय.

मामलेदारभक्त (९:१८)
सकाळी आधी मामलेदारची मिसळ. बाकीचं पोट भरल्यावर सुचेल.

घोडबंदरग्रस्त (९:२१)
कुठली गाडी द्यायची आणि कुठली रात्रीची? द्यायची म्हणजे कुठे?

जालनेकर (९:२५)
उघड आहे ना! द्यायची ती भाड्याची, मीच चालवतोय. रात्रीची म्हणजे देवगिरी एक्सप्रेस.

घोडबंदरग्रस्त (९:२७)
तुम्हाला उघड आहे. देवगिरी दादरहून, ठाण्याहून की कल्याणहून? आणि उतरलात कुठे?

सेतूप्रेमी (९:३३)
अटल सेतू केला का? २१.८ किलोमीटर, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. उलव्याकडून चढायचं, शिवडीला उतरायचं. जालन्याहून येऊन हा न बघता परत जाऊ नका.

पारसिककर (९:४०)
आणि शिवडीला उतरून चार बॅगा घेऊन काय करायचं त्यांनी? एका वेळचा टोल २५० रुपये. पुलावर गाडी थांबवायची नाही, फोटोला उतरलात की दंड. पैसे भरून कठडा बघायचा.

सेतूप्रेमी (९:४२)
येऊन-जाऊन ३७५ पडतात. आणि कठड्यापलीकडे समुद्र असतो.

नेरूळची मावशी (९:५१)
अरे, पोरगी लहान आहे ना, तिला फ्लेमिंगो दाखव. फेब्रुवारी म्हणजे आहेतच. पण भरतीची वेळ बघून ये. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली जातो, मग त्यांना उभं राहायला जागा उरत नाही आणि ते आमच्याकडे डीपीएस शाळेजवळच्या तळ्यावर येतात. ओहोटीला आलास तर परत खाडीत चरायला गेलेले असतील. ऐरोलीला बोटही आहे, पण तीही भरतीच्या वेळेवर सुटते.

जालनेकर (९:५८)
मावशी, आभार. बाकीच्यांना: फिरायला कुठे जाऊ हे मी विचारलेलंच नाही! गाडी खारघरला सोडायची आहे, देवगिरी ठाण्याहून आहे, हॉटेल मानपाड्याला. सहानंतर चार बॅगा आणि आईचे गुडघे घेऊन खारघरहून ठाण्याला कसा येऊ, हा प्रश्न आहे.

घोडबंदरग्रस्त (१०:०१)
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर आत्तापर्यंत उत्तर मिळून झोपला असतात.

पारसिककर (१०:०९)
बॅगा खारघरला न्यायच्याच कशाला? सकाळी खोली सोडताना हॉटेलात ठेवा, बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. फिरून साडेतीनला परत या, बॅगा उचला. सगळ्यांना ठाणे स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बसवा आणि तुम्ही एकटेच कळव्यावरून ठाणे-बेलापूर रस्त्याने खारघर गाठा. वाटेत टोल नाही. गाडी सोडलीत की पनवेल-ठाणे लोकल, पाऊण तास. साडेसातला तुम्ही आईंजवळ.

खिडकीचीसीट (१०:१३)
ठाण्याकडे येणारी संध्याकाळची लोकल? ऐरोली-रबाळ्याला सगळी ऑफिसं सुटतात, दारात लटकावं लागेल.

पारसिककर (१०:१४)
उद्या रविवार आहे.

खिडकीचीसीट (१०:१५)
मग मेगाब्लॉक, दुरुस्तीसाठी लोकल बंद!

पारसिककर (१०:१९)
ट्रान्सहार्बरवर, म्हणजे या ठाणे-पनवेल लाइनवर, असलाच तर साधारण अकरा ते चार. हे सहानंतर निघणार. तरी सकाळी एकदा बघून घ्या.

काळीपाटी (१०:२२)
नंबर प्लेट कुठल्या रंगाची आहे? स्वतः चालवायला दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी लागतात. पांढरी असेल तर कोणाची तरी घरची गाडी तुम्हाला भाड्याने दिलीय. अपघात झाला तर विम्याची बोंब.

जालनेकर (१०:२५)
काळीच आहे. पारसिककर, हे जमेल. गाडी सीएनजी आहे, टाकी होती तेवढी भरून द्यायचीय.

घोडबंदरग्रस्त (१०:२७)
हे आत्ता सांगताय! सीएनजीच्या रांगेचा अर्धा तास वेगळा धरा. साडेतीन नाही, तीनलाच निघा. कापूरबावडीच्या ट्रॅफिकला रविवार-बिविवार काही नसतो.

मामलेदारभक्त (१०:३०)
मग मिसळ सकाळी आठलाच उरकावी लागणार.

नाशिकचाकाका (१०:३३)
ज्याला नुसतं तिखट हवं त्याने ठाण्यात खावी. मिसळ खायला नाशिकला या, काळ्या मसाल्याची.

जालनेकर (१०:४४)
मिसळवाल्यांनी वेगळा धागा काढा. आणखी एक. मागच्या बंपरला डाव्या कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढा पोपडा उडालाय. आमच्याकडून झालेला नाही. अनामत कापतील का?

काळीपाटी (१०:४६)
घेताना गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढला होता का? मी नव्हता काढला, तर माझ्याकडून आरशावरच्या जुन्या चऱ्याचे पैसे घेतले. वाद घालायला हातात काहीच नव्हतं.

जालनेकर (१०:४८)
व्हिडिओ नाही. फोटो आहेत, पण समोरून. आईने गाडीला हळदकुंकू लावलं तेव्हाचे.

नेरूळची मावशी (१०:५०)
भाड्याच्या गाडीला?

जालनेकर (१०:५१)
मावशी, आई ऐकते का!

पारसिककर (१०:५५)
पहिल्या दिवसाचे सगळे फोटो मोठे करून बघा. घरच्यांच्या मागे कुठेतरी बंपर असेल.

जालनेकर (११:२०)
सापडला! मुलगी उघड्या डिकीत बसून चिप्स खातेय, तिच्या चपलेखाली पोपडा स्वच्छ दिसतोय. फोटोवर वेळ आहे, गाडी घेतल्यानंतर दहा मिनिटांची. आता झोपतो.

जालनेकर (सोमवार, दुपारी १२:४०)
पोहोचलो. ठरल्याप्रमाणे बॅगा हॉटेलात ठेवल्या, पक्षी पाहिले (भरती दुपारी होती, मुलीने एकशेचारपर्यंत मोजले), आई वेटिंग रूममध्ये बसली, मी एकटा खारघरला. सीएनजीला चाळीस मिनिटं. पोहोचलो तेव्हा सहाला पाच कमी. पोऱ्याला डिकीचा फोटो दाखवला, त्याने पोपड्याबद्दल एक शब्द काढला नाही. मग पुढे गेला, बॉनेटवर बोट घासलं, बोट पिवळं झालं. 'हे काय?' म्हणाला. तीन दिवसांत हळदीचा डाग बसलाय. धुण्याचे तीनशे कापले.

नेरूळची मावशी (१२:५२)
आधी विचारायचं होतंस रे. खोबरेल तेलाचा बोळा फिरवायचा, मग साबणाचं पाणी.

सेतूप्रेमी (दुपारी १:१५)
सेतू राहिलाच ना?