सुयाट्ची : स्वायत्तता की स्वराज्य?

उंबरठा :
तमिळनाडूतल्या द्रमुक पक्षाच्या इतिहासावरचा लेख मराठीत करतेय आणि 'मानिल सुयाट्ची' या तमिळ शब्दांपाशी अडकलेय (मानिल म्हणजे घटकराज्य). मी 'राज्यांची स्वायत्तता' लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'स्वराज्य' केलं, वर समासात 'शब्दशः तेच ना?' सुय म्हणजे स्व, आट्ची म्हणजे राज्य, त्यामुळे मला बोलता येईना. पुढे द्रमुकचे नेते करुणानिधी यांची घोषणाही आहे : 'मानिलत्तिल सुयाट्ची, मत्तियिल कूट्टाट्ची', म्हणजे राज्यात सुयाट्ची, केंद्रात कूट्टाट्ची. तिचं काय करू?

पाणकावळा :
स्वराज्य नकोच. मराठी वाचकाला रायगड तरी दिसेल नाहीतर टिळक. आणि इथे तर अर्थाचाच घोटाळा होतो. अण्णादुराईंनी १९४९मध्ये पक्ष काढला तेव्हा मागणी होती द्रविडनाडू या वेगळ्या देशाची. १९६३च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने उमेदवाराला देशाच्या अखंडतेची शपथ घ्यायला लावली, आणि त्याच वर्षी पक्षाने ती मागणी सोडली. सुयाट्चीचा जोर त्यानंतरचा : केंद्र-राज्य संबंधांवरची १९६९ची राजमन्नार समिती, स्वायत्ततेसाठीचा १९७४चा विधानसभेतला ठराव. देशात राहूनच जास्त अधिकार द्या, एवढंच. तुम्ही स्वराज्य लिहिलंत की दोन्ही मागण्या एक होऊन बसतात.

दगडफूल :
'स्थानिक स्वराज्य संस्था' म्हणताना कुणाला रायगड दिसतो? तुंबलेलं गटार दिसतं. शब्द केव्हाच खाली उतरलाय हो.

चकवा :
मला मुळात 'स्वायत्त'च खटकतो. आयत्त म्हणजे अधीन. आपलं 'आयतं' त्यातूनच आलं असणार. केंद्राने ताटात वाढलेली ती स्वायत्तता, असा वास येतो त्याला.

पाणकावळा :
आयत्त आणि आयतं? ओढूनताणून वाटतं.

सुपारी :
मी दोन वर्षं कोइमतूरला होतो. तिथे स्वायत्त कॉलेजांच्या पाटीवर 'तन्नाट्ची' असतं, सुयाट्ची नाही. म्हणजे तमिळमध्ये कॉलेजाला एक शब्द, राज्याला दुसरा. आपण दोघांना एकाच स्वायत्ततेत कोंबतो. तुमचे संपादक अगदीच चुकलेत असं नाही.
(तन् हा तिकडचा अस्सल, सुय मात्र संस्कृतातून गेलेला. पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीचं नावसुद्धा 'सुयमरियादै', दोन्ही तुकडे संस्कृत! शुद्ध भाषेचा धोशा लावणाऱ्यांनी हे जरूर बघावं.)

दगडफूल :
टोमणा पोचला. पण आपल्याकडचा मोठा घोळ वेगळाच आहे. २०२१मध्ये आलेल्या द्रमुक सरकारने 'मत्तिय अरसु' टाळून 'ओन्ड्रिय अरसु' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे केंद्राऐवजी संघ सरकार. आपल्या घटनेच्या मराठी प्रतीतही 'राज्यांचा संघ' आणि 'संघ राज्यक्षेत्र' आहे. आपण मात्र 'केंद्रशासित प्रदेश' घोकून पास झालो.

पाणकावळा :
मथळ्यात 'संघ सरकार' छापून बघा. लोक नागपूर समजतील.

दगडफूल :
लोक चुकीचं समजतात म्हणून घटनेतला शब्द टाकायचा?

पाणकावळा :
लोक समजतात तोच अर्थ. कोशवाले मागून येतात.

उंबरठा :
मंडळी, कूट्टाट्ची राहिली! संघराज्य करू की आघाडीचं राज्य? उद्या दुपारी मजकूर द्यायचाय.

सुपारी :
कूट्टु म्हणजे जोड. घोषणेत संघराज्यच, कारण आघाडीला ते 'कूट्टणी' म्हणतात. पण सुयाट्ची-कूट्टाट्चीचं यमक मराठीत कसं आणणार?

चकवा :
माझ्या आयत्याला ओढूनताणून म्हणणाऱ्यांनी आधी 'आयत्या वेळी'मधला आयता कुठून आला ते सांगावं.