नुसती इच्छा पुरत नाही
"ज्याला मनापासून गणित हवंय तो पास होतोच" असं बरेचजण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात गणितज्ञ यूरी ट्राइसमन यांनी कॅल्क्युलसमध्ये (कलनशास्त्रात) मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचं निरीक्षण केलं तर इच्छा आणि कष्ट दोन्ही होते, पण ती बहुतेक एकेकटी अभ्यास करायची, आणि चांगले मार्क मिळवणारी चिनी वंशाची मुलं एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासायची. मग ट्राइसमन यांनी अवघड गणितं गटात सोडवायची वर्कशॉप्स सुरू केली आणि निकाल खरंच सुधारले.

मला स्वतःला एप्सिलॉन-डेल्टा (कॅल्क्युलसमधली लिमिटची काटेकोर व्याख्या) रात्र रात्र वाचून कळलं नव्हतं, मैत्रिणीने वही पुढे सरकवून "एप्सिलॉन ०.१ धर, आता डेल्टा तू शोध" म्हटलं तेव्हा कळलं, आणि गोडी लागली ती त्यानंतर.