मांसातील प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू : शिजवल्यावरही धोका उरतो का?

प्रश्न

माझ्या वडिलांची केमोथेरपी सुरू आहे आणि त्यांच्या पांढऱ्या पेशी वरचेवर कमी होतात. प्रथिनांसाठी त्यांना चिकन द्यायला सांगितले आहे, परंतु कच्च्या मांसात प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू आढळतात हे वाचल्यापासून ते घरात आणतानाच मन कचरते. हे जिवाणू मारण्यासाठी मांस नेहमीपेक्षा जास्त वेळ शिजवावे लागते का? ‘प्रतिजैविकांविना वाढवलेले’ असे लिहिलेले मांस घेतले तर काळजी मिटते का, की मांस बंदच करावे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे आहे. औषधाला दाद न देणे आणि उष्णतेला दाद न देणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. औषध निष्प्रभ करणारे जनुक जिवाणूला उष्णतेपासून वाचवत नाही. मांसाच्या सर्वांत जाड भागाचे तापमान 74 अंश सेल्सिअसपर्यंत गेले की साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर आणि ई. कोलाय हे मांसातले नेहमीचे जिवाणू मरतात, मग ते औषधांना जुमानणारे असोत वा नसोत. गोठवल्याने मात्र ते मरत नाहीत, केवळ त्यांची वाढ थांबते.

मग या जिवाणूंची एवढी धास्ती कशासाठी? संसर्ग झालाच, तर पहिले औषध लागू पडत नाही आणि दुसरे शोधण्यात वेळ जातो, जो तुमच्या वडिलांसारख्या रुग्णाकडे नसतो. शिवाय असे जिवाणू काही त्रास न देता आतड्यात मुक्काम करू शकतात आणि प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवरून आपली जनुके तिथल्या इतर जिवाणूंना देऊ शकतात. कोलिस्टिन हे औषध इतर औषधे थकल्यावर वापरण्यासाठी राखून ठेवलेले असते. त्याला निष्प्रभ करणारे एमसीआर-1 हे जनुक अशाच प्लाझ्मिडवर असल्याचे 2015 मध्ये चीनमधील संशोधकांनी जाहीर केले, आणि ते त्यांना डुकरांत, कच्च्या मांसात व रुग्णांतही सापडले होते.

प्रतिसाद २

मी परिचारिका आहे आणि कर्करोगाच्या रुग्णांसोबत अनेक वर्षे काम करते आहे. माझ्या मते खरी जोखीम पातेल्यापेक्षा ओट्यावर असते. कच्चे मांस नळाखाली धुऊ नका, कारण उडणारे तुषार आजूबाजूच्या भांड्यांवर पडतात. कच्च्या मांसासाठी चॉपिंग बोर्ड आणि सुरी वेगळी ठेवा, कारण शिजवून सुरक्षित केलेल्या चिकनशेजारी त्याच बोर्डावर चिरलेली काकडी वाढली गेली, तर सगळी मेहनत वाया जाते. मांस हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय नळ, मसाल्याचे डबे किंवा मोबाइल यांना स्पर्श करू नका.

खिम्याबाबत अधिक दक्ष राहा. अखंड तुकड्यात जिवाणू मुख्यतः पृष्ठभागावर असतात, पण दळताना ते आतपर्यंत मिसळतात, त्यामुळे मधला भाग गुलाबी राहता कामा नये. सालामीसारखे थंड खाल्ले जाणारे तयार मांस वडिलांना तसेच देऊ नका, कारण लिस्टेरिया हा जिवाणू फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो. द्यायचेच असेल तर वाफ निघेपर्यंत गरम करा. आणि ताप 38 अंश सेल्सिअसवर गेला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

प्रश्नकर्ती

दोघींचे मनापासून आभार. लेबलविषयी कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद ३

ताई, मी पशुवैद्यक आहे, म्हणून हे माझ्या वाट्याचे. ‘औषधाचे अंश’ आणि ‘औषधाला न जुमानणारे जिवाणू’ यांची लोक नेहमी गल्लत करतात. शेवटचा डोस आणि कत्तल यांच्यात ठरावीक दिवस जाऊ दिले की अंश उतरतात, पण त्या औषधाच्या माऱ्यातून तगलेले जिवाणू आतड्यात राहतात आणि कत्तलीच्या वेळी मांसाला लागू शकतात. प्रतिजैविकांविना वाढवलेल्या जनावरांत असे जिवाणू सरासरीने कमी आढळतात, तरी ते नसतीलच असे नाही, आणि साधा साल्मोनेला तर कोणत्याही मांसात असू शकतो. म्हणून लेबल पाहून स्वयंपाकघरातली एकही खबरदारी सैल करू नका.

तरीही ते लेबल मला मोलाचे वाटते, कारण मूळ शेडमध्ये आहे. हजारो कोंबड्यांमधून आजारी तेवढ्या वेचून औषध देणे शक्य नसते, म्हणून ते पाण्यातून सगळ्या कळपाला जाते. वजन वाढावे म्हणून खाद्यातून रोज अल्प मात्रा देण्याची प्रथा याहूनही वाईट, कारण अशाने दणकट जिवाणूंची निवडच होत राहते. युरोपीय संघाने ही प्रथा 2006 पासून पूर्ण बंद केली.

वापर थांबवल्याने फरक पडतो का, या प्रश्नावर मी नेहमी कॅनडातील क्वेबेकचा दाखला देतो. तिथल्या हॅचरींमध्ये (अंडी उबवण्याच्या केंद्रांत) अंड्यांतच सेफ्टिओफर हे प्रतिजैविक टोचत असत. 2005 मध्ये उत्पादकांनी ते स्वेच्छेने थांबवल्यावर त्या गटातील औषधांना न जुमानणाऱ्या साल्मोनेलाचे प्रमाण कोंबडीच्या मांसात आणि माणसांतही घसरले, आणि पुढे वापर अंशतः सुरू होताच ते पुन्हा वाढू लागले. सगळीकडे मात्र इतके सरळ घडत नाही. डेन्मार्कने 1995 मध्ये अॅव्होपार्सिनवर, म्हणजे माणसांसाठीच्या व्हॅन्कोमायसिनच्या गटातल्या खाद्यातील प्रतिजैविकावर बंदी घातली, तरी डुकरांतील व्हॅन्कोमायसिनला दाद न देणारे एन्टरोकॉकस हे आतड्यातले जिवाणू लवकर हटेनात, कारण टायलोसिन या दुसऱ्या औषधाला रोखणारे जनुक त्याच प्लाझ्मिडवर होते आणि ते औषध चालूच होते. त्याचाही वापर घटला तेव्हा कुठे प्रमाण उतरले.

तेव्हा मांस बंद करण्याची गरज मला दिसत नाही. लेबल असलेले परवडत असेल तर जरूर घ्या, पण वडिलांच्या ताटासाठी आधी स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या.